परत येणाऱ्या मोटरी

पहाटे सव्वाचारला वहिनीचा दिवस सुरू व्हायचा. त्याला कारण होतं शेजाऱ्यांचं धुणं. वायंडिंगच्या दुकानामागे एक भट्टी होती. जळालेल्या मोटरी तिच्यात भाजायचं काम वहिनीकडे होतं, आणि आजूबाजूच्या बायकांनी दोरीवर कपडे टाकायच्या आत तो काळा धूर संपलाच पाहिजे, असा मालकाचा दंडक होता. एकदा उशीर झाला तेव्हा समोरच्या इमारतीतली एक बाई काळे ठिपके पडलेली चादर घेऊन तरातरा दुकानात आली आणि तिने ती मालकाच्या टेबलावर अशी अंथरली, जणू तो आता तिथेच झोपणार आहे. त्या दिवसापासून वहिनीने कानाला खडा लावला.

चहा ती भट्टीच्या कडेलाच करायची. त्या चहाला वार्निशचा वास यायचा. पुढे पुढे घरच्या चहाला तो वास नसायचा म्हणून तो तिला मिळमिळीत लागायला लागला.

सगळे तिला वहिनी म्हणत, कारण तिचा नवरा पूर्वी त्याच दुकानाच्या मोटरी हातगाडीवरून न्यायचा-आणायचा. तो सगळ्यांचा भाऊ, म्हणून ती सगळ्यांची वहिनी. नवऱ्याचा खांदा कामातून गेला. त्याने गाडी सोडली आणि एका भंगारवाल्याकडे काट्यावर बसायचं काम धरलं. वहिनी त्याच्या ओळखीने दुकानात शिरली. खांदा गेला, नातं तेवढं राहिलं.

मोटर जळते म्हणजे तिच्या पोटातली तांब्याची तार जळते. लोखंडी कवचाच्या आत उभ्या खाचा असतात. त्या खाचांत तारेचे वेढे भरलेले असतात आणि वरून वार्निश ओतून ते दगडासारखे पक्के केलेले असतात. जुनी तार भाजून सैल करायची, उपसायची, खाच घासून साफ करायची आणि नवी तार भरायची. उपसणं हे ताकदीचं काम, भरणं हे हाताचं. वहिनी उपसायला लागली ती वर्षानुवर्षं उपसतच राहिली. छिन्नी, हातोडी, काजळी. तिला कोणी भरायला शिकवलं नाही. जाता-येता बघून तिने ते उचललं, आणि एकदा एक भरणारा गावाला गेला तो परत आलाच नाही, तेव्हा मालकाने तिच्या पुढ्यात एक लहान मोटर सरकवली. ती चालली. मग दुसरी आली. भट्टी मात्र सुटली नाही.

भरणाऱ्यांना नगावर पैसे मिळत. मोटर गेली की पैसे. मोटर परत आली तर ती फुकट भरून द्यायची. महिन्याचा पगार दुकानात एकाच माणसाला होता, मुख्य वायंडरला, म्हणजे आबांना. वहिनीला हवा होता तो महिन्याचा पगार. नगावर जगणाऱ्या माणसाला ताप आला तर त्याने तो तापही कामावर घेऊन यायचा असतो. घरात कोणी दवाखान्यात असलं तरी त्याचे हात इकडे तारेत असतात. पगारी माणूस आजारी पडला तर आजारी असतो, इतकं साधं सुख तिला पाहिजे होतं. त्यासाठी मरमर मरायची तिची तयारी होती.

आणि ती मरतच होती. अडचण एवढीच की तिच्या मोटरी परत यायच्या.

सगळ्या नाही. पण इतरांपेक्षा जास्त. कधी महिन्याने, कधी तीन महिन्यांनी. गिऱ्हाईक दारातूनच ओरडत यायचं, मालक तिच्याकडे बघायचा, ती मान खाली घालून मोटर भट्टीत टाकायची, भाजायची, उपसायची आणि पुन्हा भरायची. दुसऱ्यांदा ती आणखी जोर लावायची. तार ओढून घ्यायची, फायबरच्या पट्टीने खाचेत दाबायची, आणि तरी एखादा वेढा वर राहिला तर पट्टीवर हातोडीचे दोन टोले. भरलेली मोटर बघून दुसरा भरणारा, ज्याला सगळे पैलवान म्हणत, तो म्हणायचा, “वहिनी, ही आता उकलायची झाली तर सुरुंग लावावा लागेल.” तिला ते कौतुक वाटायचं.

आबा खिडकीपाशी बसत. दुकानातला एकुलता एक चांगला उजेड त्यांच्या वाट्याला होता. अंगाने काटकुळे, बोलणं मोजकं, आणि जे बोलत तेही समोरच्या मोटरीला सांगितल्यासारखं. ते कोणाला शिकवत नसत. शिकवा म्हणून कोणी गेलं तर त्याला शेजारच्या स्टुलावर बसवत आणि म्हणत, हात मांडीवर ठेव. बस्स. तार शिवायची नाही, पट्टी उचलायची नाही, नुसतं बघायचं. नगावर काम करणाऱ्याला रिकामे हात परवडत नाहीत. लोक एक-दोन दिवस बसत आणि उठून जात. पैलवान अर्धा तास टिकला होता. त्याचं म्हणणं असं की त्याच्या मांडीला मुंग्या आल्या.

एका पहाटे आबा लवकर आले. त्यांना झोप लागेनाशी झाली होती. घरात कूस बदलत पडण्यापेक्षा दुकानात येऊन बसलेलं बरं, असं त्यांनी नंतर कधीतरी सांगितलं. मागच्या अंगणात आले तेव्हा वहिनी एका लाकडाच्या वखारीतली मोटर भट्टीत सरकवत होती.

“काढ ती बाहेर,” आबा म्हणाले.

“आता टाकलीच आहे आबा. तापायला लागेल.”

“लागली नाही अजून. कोणाची आहे?”

“वखारवाल्याची.”

“भरली कोणी ते विचारतोय.”

“मीच,” ती म्हणाली. “परत आलीय.”

“मग तर काढच.”

चिमट्याने तिने ती बाहेर ओढली. आबांनी छिन्नी मागितली, हातात घेतली आणि परत तिच्याच हातात दिली. म्हणाले, न भाजता उकल. वहिनीला वाटलं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. वार्निश प्यालेली गार तार उकलायची म्हणजे खडक फोडण्यातला प्रकार. पण आबांच्या समोर नाही म्हणण्याइतका तिचा त्या दुकानात वट नव्हता. तिने उकलायला घेतलं. उजाडलं, बायकांनी धुणं टाकलं, पैलवान आला, मालक आला, दोघंही बघून गेले, आणि ती उकलतच होती. मनगटं सुजली. कोपरापर्यंत हात भरून आला. मोठ्या कष्टाने एकेक वेढा सुटत होता आणि आबा डोळ्यांत तेल घालून बघत होते.

एका खाचेच्या तोंडाशी काळा डाग निघाला. बोटाच्या नखाएवढाही नाही. तिथे तारेवरचा, विजेला अडवणारा रंगाचा थर गेला होता आणि उघडं तांबं लोखंडाला टेकलं होतं.

“इथे मेली,” आबा म्हणाले. “कशाने?”

“मालात खोट असेल.”

“तार सगळ्यांना एकाच रिळातली मिळते.”

वहिनीने छिन्नी खाली ठेवली.

“तू हातोडी मारतेस.”

“घट्ट बसावी म्हणून मारते.”

“बसली की. घट्ट बसली आणि मेली.” त्यांनी तार तिच्या तळहातावर ठेवली. “भट्टीत टाकलीस की सगळंच काळं होतं. मग हा डाग कुठला आणि तो कुठला? इतकी वर्षं तू आपल्या चुका भाजून काढतेयस. आधी बघ, मग जाळ.”

मग ते असं काही बोलले की ती दिवसभर त्याच्याशी भांडत राहिली. म्हणाले, तुझी मेहनत कमी पडत नाही, जास्त होतेय, आणि तीही नको त्या जागी. माहेरी, सासरी, दुकानात, कमी पडलीस म्हणून तिने पुष्कळ बोलणी खाल्ली होती. जास्त झालं म्हणून बसलेलं हे पहिलंच बोलणं. ते झोंबलं. कारण मेहनत ही एकच गोष्ट तिच्याकडे भरपूर होती, आणि हा माणूस तिच्यातच खोट काढत होता.

पण तो काळा डाग काही डोळ्यांपुढून हटेना. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत तिने डबा बाजूला सारला आणि सगळ्यांदेखत आबांच्या शेजारच्या स्टुलावर जाऊन बसली. हात मांडीवर ठेवले.

पैलवानाने तेवढ्यात विचारून घेतलं, “वहिनी, पाटी-पेन्सिल आणू का?”

“आण,” ती म्हणाली. “आणि येताना तुझ्या मांडीला औषधही आण.”

त्यानंतर दुपारच्या सुट्ट्या तशाच गेल्या. आबा भरत, ती बघे. त्यांच्या हातात ताकद अशी दिसतच नव्हती. तार ते ओढत नसत. ती खाचेच्या तोंडाशी आणून सोडत आणि बोटाच्या पेराने एकेक वेढा आत सरकवत, गर्दीतल्या दारातून माणसांना एकेक करून आत घ्यावं तसे. वेढा वर राहिला तर खालचे सगळे परत काढत. वहिनीला बघवत नसे. तिच्या मते टोला मारला असता तर काम केव्हाच झालं असतं. मांडीवरचे हात नुसते शिवशिवत.

हात सोडायची परवानगी मिळाली तेव्हा खरं कठीण काम सुरू झालं. येत नाही ते शिकणं निदान सरळ असतं. येतंय ते विसरायचं म्हणजे हाताला रोज नव्याने गप्प बसवायचं. मन जरा इकडेतिकडे गेलं की बोटं तार आवळत. संध्याकाळी आबा मोटरीच्या वळलेल्या कडेवर अंगठा फिरवत आणि म्हणत, हा वेढा काढ. कधी म्हणत, सगळंच काढ. शाबासकी हा शब्द त्यांच्या तोंडी नव्हता. काढ म्हणाले नाहीत, म्हणजे जमलं. आधी जितक्या मोटरी ती हातावेगळ्या करायची त्याच्या निम्म्याही होईनात. नगावरचा हिशेब, त्यामुळे घरात चणचण सुरू झाली. सासूबाईंचं मत नवऱ्याने तिला जसंच्या तसं पोचवलं, की लोक शिकून चार पैसे जास्त आणतात, आमच्याकडे शिकायला लागल्यापासून येत होते तेही गेले. नवऱ्याचं स्वतःचं मत काय, असं तिने विचारलं. तो म्हणाला, काट्यावर बसणाऱ्या माणसाला मत नसतं, वजन असतं. ती हसली आणि हसता हसता भिंतीला टेकून झोपी गेली.

मोटरी परत यायच्या हळूहळू कमी झाल्या. तिच्या एकटीच्या लक्षात आलं. न आलेल्या मोटरीची नोंद कोणी घेत नाही.

आबांनी तिला हाताखेरीजही बरंच काही दिलं, आणि ते कळायला तिला जास्त वेळ लागला. वार्निश ओलं असताना गिऱ्हाईक मोटर मागायला आलं तर हो म्हणायचं नाही. मालक म्हणू दे, आपण म्हणायचं नाही. पगाराचं बोलायला जायचं तर गिऱ्हाईक समोर असताना जायचं नाही, आणि मोटर परत आली त्या आठवड्यात तर नाहीच. मोटर बसवायला बाहेर जाताना ते तिला बरोबर घ्यायला लागले. वखारीत, छापखान्यात, पाण्याच्या पंपावर. तिथला माणूस आबांना काही विचारायला लागला की ते म्हणत, मला नका विचारू, ही हिने भरलीय, आणि भिंतीकडे बघत उभे राहत. पहिल्या वेळी वहिनीने उत्तर दिलं ते फरशीकडे बघून. परतताना आबा एवढंच म्हणाले, की फरशीची मोटर बिघडलेली नव्हती. हळूहळू ती माणसाच्या तोंडाकडे बघून बोलायला शिकली. गावातल्या चार जागी तिचा चेहरा माहीत झाला. आधी तिला फक्त भट्टी ओळखत होती.

एकदा तिने विचारलं, इतके जण आले आणि गेले, मग मलाच का? तिला वाटलं, काहीतरी चांगलं ऐकायला मिळेल. आबा म्हणाले, एकच मोटर दोनदा भाजल्याचा वास त्यांना सहन होत नव्हता, आणि खिडकी नेमकी भट्टीच्या बाजूला होती.

मग आबांचे हात कापायला लागले. सुरुवातीला सकाळी, नंतर दिवसभर. मालकाने दोघांना बोलावलं, पैलवानाला आणि वहिनीला, आणि सांगितलं की आबांची जागा दोघांपैकी एकाला द्यायची आहे. महिन्याचा पगार. कोणाला ते काम बघून ठरवू. पैलवानाचा हात चलाख होता, गिऱ्हाइकांशी गप्पा मारून त्यांना खूश ठेवण्यात तर तो पटाईत होता. वहिनीकडे ते नव्हतं. तिच्याकडे परत न येणाऱ्या मोटरी होत्या, आणि ते मालकाला दिसत होतं की नाही हे तिला ठाऊक नव्हतं.

त्याच आठवड्यात बर्फाच्या कारखान्याची मोठी मोटर जळली. ती मोटर बंद म्हणजे थंडावा बंद, आणि सगळा कारखाना हळूहळू पाणी होणार. पैलवानाच्या हातात दुसरं तातडीचं काम होतं. मालकाने मोटर वहिनीला दिली आणि तिच्या मागेच उभा राहिला. कारखान्याच्या मॅनेजरचे फोनावर फोन. मालक प्रत्येक वेळी सांगायचा, झालंच, आणि फोन ठेवून वहिनीला विचारायचा, झालं का?

आबा खिडकीपाशी बसून होते. हात मांडीवर. आता त्यांचे.

दुपारी भरणं संपत आलं होतं. शेवटच्या खाचांपैकी एक अरुंद होती. तार बसेना. नियमाने खालचे वेढे काढून पुन्हा बसवायचे होते. मालक म्हणाला, “वहिनी, तो माणूस माझ्या जिवावर उठलाय.” आणि तिच्या हाताने हातोडी उचलली. पट्टीवर दोन टोले. तार बसली. पुढची खाच, पुढची. दोरा बांधून झाला, जोडण्या झाल्या. मेगर, म्हणजे तारेतून वीज कुठे लोखंडात झिरपतेय का ते दाखवणारं यंत्र, लावून मोटर तपासली. काटा जिथे हवा तिथे. मालकाचा चेहरा उजळला. वार्निशचा डबा उघडला गेला.

वहिनी डब्याकडे बघत उभी राहिली. तिला ती खाच दिसत होती, सगळ्या वेढ्यांच्या खाली, झाकलेली. तिने आबांकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघतेस,” आबा म्हणाले. “मी पाठमोरा होतो. मी काही पाहिलं नाही.”

त्यांनी आवाज ऐकला असणार. दोन टोले त्या दुकानात बहिऱ्यालाही कळले असते. पण ते पुढे बोलले नाहीत, आणि महिन्याचा पगार समोर टेबलावर ठेवल्यासारखा जवळ होता.

“वार्निश ओतू नका,” ती मालकाला म्हणाली. “एक कॉइल काढायची आहे.”

मालकाला आधी कळलंच नाही. मग कळलं. कॉइल म्हणजे वेढ्यांचा एक जुडगा; एक काढायची म्हणजे तिच्यावर आलेल्या चार उचलायच्या, पुन्हा बसवायच्या, म्हणजे आज वार्निश नाही, म्हणजे आणखी एक दिवस. मेगर बरोबर दाखवतंय ना, त्याने विचारलं. दाखवतंय, ती म्हणाली. मग? मग मी हातोडी मारलीय, ती म्हणाली. मालक इतका तापला की त्याने फोन तिच्याच हातात दिला. कारखान्याच्या मॅनेजरला तिने स्वतः सांगितलं, आणि पलीकडून जे आलं ते तिने फोन कानापासून दूर धरून ऐकून घेतलं.

कॉइल काढली. गार, न भाजता. आबांनी जवळ मागवून घेतली आणि त्या खाचेतल्या तारेवरून कापरा अंगठा फिरवला, मग डोळ्यांशी धरली. थर शाबूत होता. कुठे ओरखडाही नाही.

“धड आहे,” ते म्हणाले. “चालली असती.”

समजूत काढायला त्यांनी एक शब्दही जोडला नाही. वहिनीने नवी कॉइल केली, बसवली, चारही पुन्हा बसवल्या. दिवस गेला. कारखान्यातला बर्फ गेला. आबांची जागा पैलवानाला गेली.

पैलवान त्या दिवशी तिच्यापाशी येऊन उभा राहिला. म्हणाला, “वहिनी, तुमच्या जागी मी असतो ना, तर गप्प बसलो असतो.”

“माहीत आहे,” ती म्हणाली. “जा, खिडकीत बस. तिथे उजेड चांगला आहे.”

आबा घरी बसले. वहिनी पुन्हा पहाटेची भट्टी आणि दिवसाची मोटर यांच्यात फिरत राहिली. राग यावा इतकीही ताकद उरली नव्हती. बसस्टॉपवर उभी असताना तिला वाटे की आपण पाहिजे ते सगळं शिकलो आणि ते विकायला बाजारच नाही. तार सैल सोडायला शिकली, आणि जागा हातची सोडून बसली.

एका सकाळी आबा दुकानाच्या दारात आले, आत नाही आले. म्हणाले, सुट्टीत माझ्याबरोबर चल. कुठे ते रस्त्यात सांगितलं. बर्फाचा कारखाना. वहिनीचे पाय तिथेच थांबले. त्या माणसाचा आवाज अजून माझ्या कानात आहे, ती म्हणाली. आबा म्हणाले, बरं झालं, ओळख करून द्यावी लागणार नाही. मग चालता चालता त्यांनी सांगितलं की त्या कारखान्यात लहान-मोठ्या कितीतरी मोटरी आहेत आणि त्यांच्यावर कायमचा माणूस एकही नाही. जळलं की धावाधाव करतात. आपण आयुष्यभर दुकानातल्या एका खुर्चीकडे बघत बसलो, आबा म्हणाले. हे मी तुला आधीच सांगायला पाहिजे होतं. मला सुचलं नाही. घरी बसल्यावर सुचलं.

मॅनेजर लोकरी टोपी घालून हिशेब बघत होता. आबांना त्याने बसायला सांगितलं, आणि वहिनीकडे बघून म्हणाला, “याच का त्या, बर्फ वितळवणाऱ्या?”

“त्याच,” आबा म्हणाले. “मोटरींच्या देखभालीला ठेवून घ्या. महिन्याच्या पगारावर. तुमची ती मोटर कशी चाललीय?”

“चाललीय.” मॅनेजरने तिला विचारलं, “त्या दिवशी आत काही निघालं होतं का, बाई?”

खोटं बोलायला तीच वेळ होती. आबा भिंतीकडे बघत होते.

“नाही,” ती त्याच्या तोंडाकडे बघून म्हणाली. “तार धड होती.”

“म्हणजे फुकटच गेला माझा बर्फ.”

“फुकटच गेला. पण न उघडता मला ते कळलं नसतं.”

मॅनेजरने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. म्हणाला, त्याच्याकडचे सगळे त्याला रोज सांगतात, सगळं ठीक आहे, आणि मग एक दिवस धूर निघतो. त्याला असं कोणीतरी हवं होतं की जे धुराच्या आधी तोंड उघडेल, मग भले दहांतल्या नऊ वेळा ते फुकट जावो. दहांतल्या नऊ वेळा नको, त्याने लगेच दुरुस्त केलं, पाच वेळा. वहिनीने पगार किती, सुट्ट्या कोणत्या, आजारपणाचं काय, हे एकामागोमाग विचारून घेतलं. आबांनी शिकवलं होतं तसं, न घाबरता, आणि बाहेरचं कोणी समोर नसताना.

बाहेर आल्यावर ती आबांना काहीतरी बोलणार होती. ते म्हणाले, तुझी सुट्टी संपत आलीय, चाल लवकर.

कारखान्यातलं काम सोपं नव्हतं. एका खोलीत हाडं गोठवणारी थंडी, दुसऱ्या खोलीत मोटरींचा उकाडा, आणि दिवसभर ये-जा. गुडघे धरायला लागले. पण तिथे ती मोटर जळायची वाट बघत बसायची नाही. आवाज बदलला की थांबवायची, उघडायची, बघायची. आबा अधूनमधून येत, फाटकापाशीच्या बाकावर बसत, आणि ती त्या दिवसाचं सांगे. ते ऐकत आणि चुकलं असेल तिथे तेवढं बोट उचलत. पुढे तेही थकले, तेव्हा ती सुट्टीच्या दिवशी त्यांच्या घरी जाऊन सांगायला लागली.

पहिले काही पगार घरातल्या जुन्या खड्ड्यांत गेले. मग थोडं थोडं मागे पडायला लागलं. ते कशाला वापरायचं यावर नवऱ्याने बरेच बेत सांगितले, आणि वहिनीने एक दिवस त्याला न विचारता सासूबाईंना दातांच्या डॉक्टरकडे नेलं. त्यांच्या तोंडात एकही दात उरला नव्हता. त्या बोलायच्या ते फक्त त्यांच्या मुलाला कळायचं. जेवण त्या भिजवून, पातळ करून, भिंतीकडे तोंड करून उरकायच्या. कवळी बसायला पुष्कळ फेऱ्या झाल्या. प्रत्येक फेरीला वहिनीने रजा टाकली.

कवळी घातली त्या संध्याकाळी नवरा सासूबाईंसमोर बसून बघत होता. मग त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं, आणि ते तक्रारीचं होतं. उजवीकडे खाली टोचतंय, म्हणाल्या. प्रत्येक अक्षर स्वच्छ.

वहिनीने कवळी मागून घेतली, दिव्यापाशी नेली, कडेवरून बोट फिरवलं. एक जागा खरंच धारदार होती.

“उद्या दाखवून आणू,” ती म्हणाली आणि कवळी परत दिली.

सासूबाईंनी ती तोंडात बसवली, जबडा दोनदा हलवून बघितला.

“उद्या तुला सुट्टी आहे?”

“आहे.”

“पगारी?”

“पगारी.”

“मग जाऊ,” सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांनी ताट पुढे ओढलं.